हजेरीपटावर थांबू नका

प्रश्न : मी स्थानिक सभांमधल्या लोकसहभागावर प्रबंध लिहिते आहे. सभा सगळ्यांना खुल्या असतात, हजेरी बरी असते, पण बोलणारे तेच ते. गप्प बसणाऱ्यांना रसच नाही, असं मार्गदर्शकांचं मत आहे. मला ते पटत नाही. पण खोडून कसं काढू? आणि सहभाग मोजायचा तरी कसा?
– एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : तुम्हाला पटत नाही ते योग्यच आहे. मी अनेक वर्षं हाच विषय शिकवला आणि ‘रस नाही’ हे उत्तर मला कायम घाईचं वाटत आलं. व्हर्बा, श्लोझमन आणि ब्रॅडी या अमेरिकी अभ्यासकांनी 1995 मध्ये माणसं सहभागी का होत नाहीत, याची तीन कारणं मांडली: जमत नाही, इच्छा नाही किंवा कुणी विचारलंच नाही. तुमचे मार्गदर्शक यातलं मधलं तेवढं धरून बसले आहेत. उरलेली दोन खोटी ठरल्याशिवाय ते सिद्ध होत नाही, हे त्यांना नम्रपणे पण ठामपणे सांगा.

आता गप्प बसण्याबद्दल. कार्पोविट्झ, मेंडेलबर्ग आणि शेकर यांचा 2012 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग जरूर वाचा. पाच-पाच जणांचे गट करून त्यांना उत्पन्नाच्या वाटपावर चर्चा करायला लावली होती. जिथे बायका कमी आणि निर्णय बहुमताने, तिथे त्या आपल्या वाट्यापेक्षा बऱ्याच कमी बोलल्या. निर्णय एकमताने घ्यायचा ठरला, की ही दरी जवळपास मिटली. विषय तोच होता, बदलला फक्त नियम. मग गप्प राहणं हा त्या बायकांचा स्वभाव कसा म्हणायचा? अर्थात एकमत हा सगळीकडचा उपाय नव्हे. बायका संख्येने जास्त असतील तेव्हा बहुमतच त्यांच्या बाजूने काम करतं, हेही त्याच अभ्यासात दिसतं. म्हणून प्रत्येक सभेत निर्णय कसा झाला, ते आधी लिहून ठेवा. इतिवृत्तात बहुधा नुसतं ‘ठराव मंजूर’ असतं, तेवढ्यावर भागणार नाही. कोण किती वेळ बोललं, कुणाचं बोलणं मध्येच तोडलं गेलं, कुणाचा मुद्दा दुसऱ्याच्या नावावर जमा झाला, हे स्वतः बसून टिपावं लागतं. काम कंटाळवाणं आहे खरं, पण प्रबंधाचा जीव त्यातच आहे.

शेरी अर्नस्टीन यांनी 1969 मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यात ‘मत विचारणं’ ही चौथीच पायरी आहे. विचारलं आणि निर्णय आधी ठरला होता तोच घेतला, तर त्यांच्या लेखी तो दिखावाच. तेव्हा मागणी आणि खर्च शेजारी-शेजारी ठेवून पाहा. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी 2004 च्या अभ्यासात पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींबाबत हेच केलं. जिथे प्रमुखपद बाईसाठी राखीव होतं, तिथे बायकांच्या तक्रारींशी जुळणारी कामं जास्त झाली. पिण्याच्या पाण्यावर दोन्हीकडे भर दिसला. रस्त्यांचं मात्र उलट झालं: बंगालमध्ये बायकांना रस्ते हवे होते, तिथे ते वाढले, राजस्थानात त्यांची ती निकड नव्हती, तिथे कमी झाले. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. ‘महिलांच्या मागण्या’ असा एकच रकाना करून सगळ्या बायका त्यात कोंबण्याचा मोह त्याने सुटतो. ‘वंचित’ या रकान्याबाबतही तेवढंच जपा.

शेवटी, तुमच्या मुलाखतींत सभेला आलेलेच लोक दिसताहेत का, ते तपासा. न आलेल्यांना भेटायलाच हवं. त्यांच्या सोयीच्या वेळी जा आणि ‘का आला नाहीत?’ असं थेट विचारू नका, त्यात जाब विचारल्यासारखं वाटतं. सभा असल्याचं कधी कळलं, कुणाकडून कळलं, त्या वेळी हातात काय काम होतं, एवढंच विचारा.