जुलाब होणाऱ्या बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालंय हे कसं ओळखायचं? ओआरएस ओकत असेल तर सलाईनच लावावी का? (मुलगी १४ महिन्यांची, वजन ९ किलो)

ताई, मी बालविभागात नर्स आहे. बाळ आलं की पहिल्यांदा आम्ही त्याला नुसतं बघतो. किरकिर करतंय, डोळे खोल गेलेत, वाटी दिसली की झडप घालतंय, म्हणजे पाणी कमी झालंय. मग कातडीचा चिमटा. तो हातावर नाही, पोटावर घ्यायचा, बेंबी आणि कुशीच्या मधोमध, उभा. सोडल्यावर कातडी लगेच बसली तर ठीक, हळू बसली तर नाही. गुटगुटीत बाळात मात्र हा चिमटा फसवतो, आणि कुपोषित बाळाची कातडी एरवीही सैलच असते. म्हणून एकाच खुणेवर आम्ही विसंबत नाही, दोन तरी बघतो.

लघवीचं विचाराल तर डायपर काढा आणि सुती लंगोट बांधा. पातळ शी आणि लघवी डायपरमध्ये एक होते, आईला वाटतं बाळ भरपूर शू करतंय.

आता ओकण्याचं. बहुतेक वेळा ओआरएस बाधत नाही, घाई बाधते. तहानलेलं बाळ घटाघट पितं आणि सगळं बाहेर काढतं. तुमच्या मुलीत वरच्या खुणा असतील तर किलोला ७५ मिली या हिशोबाने चार तासांत ६७५ मिली जायला हवं. म्हणजे १३५ छोटे चमचे, साधारण पावणेदोन मिनिटाला एक! हे आम्ही वॉर्डात आईला समोर बसवून करून घेतो, आणि दर तासाला बाळ पुन्हा तपासतो. ओकली तर दहा मिनिटं थांबायचं, मग आणखी हळू. कंटाळवाणं काम आहे, आजीला आळीपाळीने बसवा. (आजी टाळूवर तेल घालत असतील तर घालू द्या, पण खोल गेलेली टाळू तेलाने वर येत नाही, पाण्याने येते.)

खुणा नसतील तर घरीच प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, तेही चमच्यानेच.

मोठं पाकीट एक लिटर पाण्यात अख्खं रिकामं करायचं. कपात चिमूटभर टाकून देणाऱ्या आया मी रोज बघते, त्यात मिठाचं प्रमाण कसंही होतं. २४ तासांनी उरलेलं ओता. फळांच्या चवीची गोड डबी ओआरएस नव्हे, जास्त साखरेने जुलाब वाढतात. अंगावरचं दूध, मऊ भात, वरण चालू ठेवा. झिंक २० मिलिग्रॅम रोज, १४ दिवस. जुलाब थांबले तरी बंद करू नका, घरोघरी तिसऱ्या दिवशी बाटली फडताळात जाते.

सलाईन कधी? बाळ मलूल पडलं, हाक मारून डोळे उघडत नाही, चमचा तोंडात धरला तरी गिळत नाही, चिमटा दोन सेकंदांनीही बसत नाही. तेव्हा उत्तराची वाट बघू नका, रिक्षा करा. शीमध्ये रक्त दिसलं, किंवा प्यायलेलं काहीच पोटात टिकत नसलं, तरीही आजच दाखवा.