2008 च्या भरतीतले तुमच्या वर कसे?

प्रश्न : मी अनुसूचित जमातीची, मूळची सुरगाण्याची, नाशिकला राहते. 2006 ला पोलीस शिपाई म्हणून भरती झाले, 2014 ला आरक्षणाच्या बिंदूवर, म्हणजे पदोन्नतीतल्या राखीव जागेवर, नाईक. 2022 ला नाईक पदच रद्द झालं आणि मी हवालदार झाले. आता सहायक फौजदारपदासाठीच्या तात्पुरत्या ज्येष्ठता यादीत माझं नाव 41 वरून थेट 67 वर गेलंय. 2008 च्या भरतीतले चौघे माझ्या वर आहेत. आस्थापनेत विचारलं तर म्हणाले, ‘पदोन्नतीतलं आरक्षण गेलं, तुम्ही आता मागेच.’ हरकत घेतली तर साहेब नाराज होतील. गप्प बसू का?

उत्तर : ताई, अजिबात गप्प बसू नका. तुम्हाला अर्धंच सांगितलं गेलंय.

उच्च न्यायालयाने 4 ऑगस्ट 2017 रोजी पदोन्नतीतल्या आरक्षणाचा 25 मे 2004 चा शासन निर्णय रद्द केला, हे खरं. तुमच्या मनातली भीतीही मी समजू शकतो. 2018 मध्ये त्र्यंबक रोडवरच्या पोलीस अकादमीत प्रशिक्षण पूर्ण केलेल्या 154 मागासवर्गीय फौजदारांना मॅटच्या (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या) निकालानंतर मूळ पदावर जायला सांगितलं होतं. ते दिवस नाशिककर विसरलेले नाहीत.

पण 7 मे 2021 चा शासन निर्णय नीट वाचा. 25 मे 2004 नंतर सेवेत आलेल्यांची पुढची पदोन्नती सेवाप्रवेशाच्या मूळ ज्येष्ठतेनुसार, असं त्यात आहे. म्हणजे 2014 ला बिंदूवर मिळालेली आघाडी तुम्हाला धरता येणार नाही. 2006 च्या निवड यादीत तुमच्या वर असलेले आणि तुमच्यानंतर नाईक झालेले सहकारी आता पुढे गेले असतील, तर तिथे वाद घालू नका; तो त्यांचा हक्क आहे. मात्र तुमची 2006 ची जागा कुणी काढून घेतलेली नाही. सरळसेवेतलं, म्हणजे थेट भरतीतलं, आरक्षण शाबूत आहे. 2008 चे चौघे तुमच्या वर येण्याचं कारण मला तरी या निर्णयात सापडत नाही. 2014 ची पदोन्नती बाजूला ठेवताना तुमची गणना 2006 ऐवजी 2022 च्या हवालदारपदापासून केली असावी, असा माझा अंदाज आहे. शिक्षेमुळे पदोन्नती रोखल्याची नोंद सेवापुस्तकात नाही ना, तेवढं पाहून घ्या. जात वैधता प्रमाणपत्राची प्रतही जवळ असू द्या.

यादीसोबतच्या पत्रात हरकतीची तारीख असेल, ती चुकवू नका. हरकत योग्य मार्गाने, म्हणजे वरिष्ठांमार्फत, द्या आणि स्वतःच्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका. अर्जात आरक्षणाचा शब्दही नको. 2006 चा निवड क्रमांक, त्या चौघांची नावं, त्यांच्या रुजू होण्याच्या तारखा आणि 7 मे 2021 च्या निर्णयाचा दाखला, इतकंच लिहा. निवड यादी हाताशी नसेल तर माहिती अधिकारात मागा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. त्यासाठी हरकत मात्र अडवून ठेवू नका.

हरकत फेटाळून यादी अंतिम झाली, तर त्या तारखेपासून एक वर्षाच्या आत मुंबईच्या मॅटमध्ये मूळ अर्ज दाखल करावा लागेल. उत्तरच आलं नाही, तर सहा महिने थांबायचं आणि तिथून वर्ष मोजायचं. इथेच आपली माणसं फसतात. स्मरणपत्रावर स्मरणपत्र देत राहतात आणि त्यातच मुदत निघून जाते. स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही. मॅट टाळून थेट उच्च न्यायालयातही जाता येत नाही.

साहेब नाराज होतील, असंही तुम्ही लिहिलंय. ज्येष्ठतेवर हरकत घेणं म्हणजे शिस्तभंग नव्हे. हरकती मागवण्यासाठीच तर तात्पुरती यादी काढतात.