शौल असा काय चुकला की देवाने बोलणंच बंद केलं?

प्रश्न: सर, इस्राएलचा पहिला राजा शौल, त्याला देवाचा हुकूम होता की शत्रू अमालेकी लोकांचं सगळं मारून टाक, त्याने त्यांची थोडी चांगली मेंढरं ठेवून घेतली, ती पण बळी द्यायलाच. त्याच्यानंतर राजा झालेल्या दावीदाने तर आपल्याच सैनिकाची, उरीयाची, बायको घेतली आणि वर त्यालाच मारवलं. तरी राज्य गेलं शौलाचं. हा कुठला न्याय?

उत्तर: मी पण कितीतरी वर्षं शौलाच्याच बाजूने होतो. गुन्हे तोलत बसलात तर शौलच सुटतो, म्हणून तराजू ठेवा बाजूला आणि बायबलमधल्या १ शमुवेलचा १५वा अध्याय फक्त 'कोणाचा देव' एवढंच बघत वाचा. देवाचा निरोप सांगणारा संदेष्टा शमुवेल विचारतो ही मेंढरं का ओरडतायत, तर शौल म्हणतो लोकांनी ठेवली, 'तुझा देव परमेश्वर' ह्याच्यासाठी. तुझा! त्या अध्यायात तीनदा आलंय असं, आणि चूक कबूल करतानासुद्धा म्हणतो की वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख. (बायकापोरांसकट सगळे मारा हा मूळ हुकूम मलाही पचत नाही, ते इथे दोन ओळींत उरकणार नाही.)

आता सिकलाग बघा, राजा होण्याआधी दावीद राहायचा ते गाव जळलंय, बायकापोरं पळवलीत, स्वतःचीच माणसं दावीदाला दगडांनी ठेचायचं बोलतायत आणि तिथे लिहिलंय की तो 'आपला देव परमेश्वर' ह्याच्या जोरावर सावरला. पुढे नाथान संदेष्ट्याने, श्रीमंताने गरिबाची एकुलती कोकरी बळकावल्याची गोष्ट सांगून त्याला उरीयाच्या बाबतीत पकडलं तेव्हा त्याचं उत्तर हिब्रूत फक्त दोन शब्दांचं, परमेश्वराविरुद्ध पाप केलं, बस. सबब नाही, लोकांचं नाव नाही. फुकटात सुटला असंही नाही हां, बाळ गेलं, आणि नंतर मुलगा अबशालोम उलटला.

प्रश्न: त्याच अध्यायात देवाला पस्तावा होतो आणि शमुवेल म्हणतो देव पस्तावत नाही. घोळ आहे ना?

उत्तर: आहे. ११ आणि ३५व्या ओवीत होतो, २९व्यात होत नाही, आणि हिब्रू क्रियापद तिन्हीकडे एकच. काही अभ्यासक २९वी ओवी नंतरची भर मानतात. मला वाटतं शमुवेल त्याचा झगा धरणाऱ्या माणसाला एवढंच सांगतोय की गयावया करून आता हा निकाल फिरणार नाही.

प्रश्न: राजाला देवाचा 'पुत्र' म्हटलंय, म्हणजे इजिप्तचा राजा फारो देवाचा खरा पुत्र मानला जायचा, त्याच्यासारखंच का?

उत्तर: नाही. दुसऱ्या स्तोत्रात राजाला 'आज' पुत्र केलंय, म्हणजे दत्तक म्हणा. आणि २ शमुवेल ७ मध्ये बाप-मुलगा म्हटल्यावर लगेच तो चुकला तर छडीचं पण बोललंय.

प्रश्न: शेवटी शौलाने देवाला विचारलं होतं की, मग उत्तर का नाही? बिचारा एन-दोर गावच्या, मृतांशी बोलणाऱ्या बाईकडे गेला.

उत्तर: स्वप्नं, उरीम (देवाचा कौल घ्यायचं साधन), संदेष्टे, तिन्ही गप्प होते. पण उरीम याजकाकडे असायचं, आणि नोब गावचे ८५ याजक दावीदाला सामील आहेत ह्या संशयावरून शौलानेच मारवले होते, वाचलेला याजक अब्याथार एफोद (याजकाचं वस्त्र, कौल घ्यायला वापरायचे) घेऊन दावीदाकडे पळाला. नंतर दावीद त्याच एफोदावर विचारतो आणि त्याला उत्तर मिळतं. म्हणजे लाइन कापली कोणी? मग गेला कुठे, तर ज्या मृतांशी बोलणाऱ्यांना स्वतःच देशातून हाकललं होतं त्यांच्यातल्याच एका बाईकडे, वेष बदलून, रात्री. तिने बोलावलेल्या मेलेल्या शमुवेलाकडून उद्या मरणार हे ऐकून दिवसभराचा उपाशी तो जमिनीवर कोसळला, तेव्हा त्या बाईनेच घरचं वासरू कापलं, बेखमीर भाकरी भाजल्या आणि नको नको म्हणत असताना त्याला जेवायला घातलं.