अकूस्टिकला पहिलं पेडल कोणतं? रिव्हर्ब थांबू दे, आधी प्रीअँप-डीआय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिटारमध्ये सॅडलखाली (तारा टेकतात त्या पट्टीखाली) पिएझो पिकअप (तारांचा थरथराट विजेत बदलणारा) आहे, कडेला नऊ व्होल्टच्या सेलवर चालणारा प्रीअँप (पिकअपचा क्षीण आवाज वाढवणारा) आहे, नाशिकला कॉलेज रोडच्या कॅफेत आणि अधूनमधून गोदाघाटासारख्या उघड्या जागी वाजवायचं असतं. मग पहिलं पेडल (आवाज बदलणारी, पायाने चालवायची डबी) रिव्हर्ब (खोलीतल्यासारखा प्रतिध्वनी) घ्यावं, कोरस (एका गिटारच्या अनेक वाटाव्यात असा) घ्यावा की मल्टिइफेक्ट (सगळं एकात)?

पहिले पैसे रिव्हर्बवर घालू नका. रिव्हर्ब बहुतेक मिक्सरमध्ये असतोच. साउंडवाल्याला सांगितलं की तो देतो. गिटार घुमायला लागली (फीडबॅक) किंवा आवाज पत्र्यासारखा आला, तर ते मात्र कोणी तुमच्यासाठी निस्तरत नाही. साउंडवाल्याकडे त्याच वेळी तबला, हार्मोनिअम आणि दोन गायक असतात. म्हणून पहिलं पेडल म्हणजे नॉच (एकच सूर कापणारा), फेज (आवाजाची लाट उलटवणारं बटण) आणि मिडचा, म्हणजे मधल्या सुरांचा, इक्वलायझर असलेला अकूस्टिक प्रीअँप, आणि शक्यतो त्यातच डीआय, म्हणजे गिटारचा आवाज माइकसारख्या तीन पिनांच्या एक्सएलआर केबलने मिक्सरला पाठवणारा भाग.

याचं कारण पिकअपमध्ये आहे. पिएझो हा विजेच्या भाषेत एक छोटा कपॅसिटर असतो, आणि तो ज्या इनपुटला जोडाल त्याच्यासोबत मिळून तो खालचे सूर गाळतो. पिएझो १ नॅनोफॅरडचा धरा. तो थेट मिक्सरच्या १० किलोओहम अडथळ्याच्या लाइन इनपुटला लावला तर १६ किलोहर्ट्‌झच्या खालचं सगळं उतरत जातं, म्हणजे गिटारच उरत नाही. १ मेगाओहमच्या इनपुटला ही सीमा १६० हर्ट्‌झवर येते, १० मेगाओहमला १६ हर्ट्‌झवर. सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्‌झची, त्यामुळे सेल नसलेल्या पिकअपला १० मेगाओहमचा प्रीअँप ऐकताक्षणी वेगळा वाटतो. तुमच्या गिटारमध्ये प्रीअँप आधीच आहे, म्हणून तुम्हाला १ मेगाओहम पुरतो. या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका, ते नॉचसाठी मोजा.

आता घुमण्याबद्दल, कारण खरा त्रास तिथेच होतो. ड्रेडनॉट आकाराच्या (मोठ्या पोटाच्या) गिटारच्या पोटातली हवा साधारण ९० ते ११० हर्ट्‌झच्या आसपास आपोआप थरथरते. स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरमधून तोच सूर परत आला की वरची फळी हलते, पिकअप तो पुन्हा पाठवतो आणि चक्र सुरू होतं. साउंडवाला अशा वेळी अख्खा बास काढून टाकतो. घुमणं थांबतं, पण गिटारचा जीवही जातो. नॉच फक्त तेवढी एक चिंचोळी पट्टी कापतो.

साउंड चेकला असं करा. गिटारवरचा व्हॉल्यूम पाऊण, बाकी नॉब मधोमध. पेडलचंही सगळं मधोमध. कार्यक्रमात जिथे बसणार तिथेच बसा, तारा मोकळ्या ठेवा आणि चॅनलचा आवाज हळूहळू वाढवायला सांगा. घुमायला लागलं की मोबाइलच्या ट्यूनरवर तो सूर बघा: जी आला तर ९८ हर्ट्‌झ, जी शार्प १०४, ए ११०. आधी फेजचं बटण दाबून पाहा. बऱ्याचदा एवढ्यानेच भागतं, आणि त्यात आवाजाचं काही जात नाही. नाही भागलं तर नॉच त्या सुरावर आणा. लो कट (अगदी खालचे सूर कापण्याची सोय) असेल तर तो ८० हर्ट्‌झच्या आसपास ठेवा, म्हणजे पाय आपटल्याचा आणि माइक स्टँडचा धबधब आवाज येणार नाही. याशिवाय साउंडहोलला रबरी झाकण लावलंत तर अर्धं काम तेच करतं, आणि ते कोणत्याही पेडलपेक्षा कितीतरी स्वस्त असतं. ते सगळ्यात आधी घ्या.

पिएझोचा दुसरा दोष म्हणजे जोरात स्ट्रम केल्यावर येणारी प्लॅस्टिकसारखी टकटक. ती १ ते ३ किलोहर्ट्‌झमध्ये असते. मिड तिथे नेऊन ३-४ डेसिबल कमी करा. ट्रेबल कापू नका, त्याने टकटक राहते आणि चमक जाते. टकटक अचानक वाढली आणि आवाज फाटायला लागला, तर पेडलला दोष देण्याआधी गिटारमधला सेल बदला. जॅक खोचलेला असेपर्यंत तो सेल खर्च होत राहतो, हे अनेकांना माहीत नसतं. वाजवून झालं की केबल काढायचीच.

मॉडेलांपैकी एलआर बॅग्जचा पॅरा अकूस्टिक डीआय या कामासाठीच बनला आहे: १० मेगाओहम इनपुट, नॉच, फेज, एक्सएलआर, आणि तो नऊ व्होल्टच्या सेलवर किंवा मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटमवर (मिक्सर एक्सएलआर केबलमधून देतो त्या विजेवर) चालतो. महाग आहे, पण पुढे गिटार बदलली तरी तो बदलावा लागत नाही. छोट्या कॅफेच्या मिक्सरला फँटम असेलच असं नाही, म्हणून सेल जवळ ठेवा. बॉसच्या एडी-२ वर रेझोनन्स (गिटारच्या पोटाचा भरीवपणा), अँबियन्स (रिव्हर्ब) आणि नॉच असे तीनच नॉब आहेत. ज्यांना इक्वलायझरची भीती वाटते त्यांच्यासाठी तो चांगला, कारण थोडा रिव्हर्बही त्यातच मिळतो. झूमचा ए१ फोर स्वस्तात ट्यूनर, लूपर (वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणारा), रिव्हर्ब सगळं देतो आणि चार पेन्सिल सेलवर चालतो. घरच्या रियाजाला उत्तम. मात्र त्याला एक्सएलआर आउट नाही, स्टेजवर वेगळा डीआय लागतो, आणि अंधारात मेन्यू चाळत घुमणं थांबवणं अवघड जातं. इलेक्ट्रिक गिटारची डिस्टॉर्शन पेडलं आणि स्वस्त कॉम्प्रेसर सध्या टाळा. दोन्ही बारीक आवाज वर उचलतात, म्हणजे घुमण्याला आमंत्रणच.

डीआयचा आग्रह कशासाठी? साधी गिटारची केबल पाच-सहा मीटरपर्यंत ठीक. मंडपात मिक्सर वीस-पंचवीस मीटर लांब असतो, आणि ती केबल लाइटच्या वायरींसोबत जाते. तिथे बॅलन्स्ड (बाहेरचा विजेचा आवाज न पकडणारी) एक्सएलआरच हवी. घूं असा ५० किंवा १०० हर्ट्‌झचा आवाज येत असेल तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्ट (आवाजाच्या केबलमधली ग्राउंडची जोडणी सोडवणारं बटण) दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कोणी दिला तर तो कधीही ऐकू नका. माइकला ओठ आणि तारांना हात लागलेला असताना तो जिवाशी खेळ आहे.

अडॅप्टर घेताना पेडलवरचं चिन्ह बघा. बहुतेकांना ९ व्होल्ट डीसी, मधली पिन निगेटिव्ह लागते. बाजारात मिळणारे पुष्कळ साधे अडॅप्टर मधली पिन पॉझिटिव्हवाले असतात. उलटा लावला तर पेडल जळू शकतं. मिलीअँपिअरचा आकडा पेडलच्या गरजेएवढा किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही.

दुसरं पेडल रिव्हर्ब घ्यायला हरकत नाही. उघड्या घाटावर आवाज कुठूनच परत येत नाही, तिथे दीड-दोन सेकंदांचा हॉल प्रकारचा रिव्हर्ब आणि मिक्स (मूळ आवाजात मिसळायचं प्रमाण) १५-२० टक्के गोड लागतो. काच-फरशीच्या कॅफेत तोच रिव्हर्ब बोल पुसून टाकतो, तिथे निम्मा करा. क्रम असा: गिटार, ट्यूनर, प्रीअँप, कोरस किंवा डिले (सुराची उशिरा येणारी नक्कल), शेवटी रिव्हर्ब. प्रीअँपला इफेक्ट्स लूप (बाकीची पेडलं मध्ये जोडायची सोय) असेल तर कोरस-डिले-रिव्हर्ब तिथे लावा, म्हणजे एक्सएलआरमधून सगळं एकत्र जातं. डिलेची वेळ गाण्याच्या लयीवरून काढा: ९० बीपीएमला (मिनिटाला ९० मात्रा) एक मात्रा ६६७ मिलिसेकंद, पाऊण मात्रा ५०० मिलिसेकंद.

दुकानात जाताना स्वतःची गिटार आणि केबल न्या. इलेक्ट्रिकच्या अँपवर ऐकू नका, कारण त्याचा स्पीकर वरचे सूर दाबतो आणि कोणतंही पेडल उबदार वाटतं. पीए स्पीकर (कार्यक्रमात लावतात तो) किंवा चांगल्या हेडफोनवर ऐका, आणि नॉच फिरवताना एकच सूर, ए ची मोकळी तार, वाजवत राहा. पावसाळ्यात जॅक गंजून खरखर करतात, बॅगेत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा जॅकवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. केबल काढण्या-लावण्याआधी साउंडवाल्याला चॅनल म्यूट करायला सांगा, नाहीतर तो ठप्प आवाज स्पीकरच्या हॉर्नचा ट्वीटर उडवू शकतो.