वसतिगृहात तोंडी तक्रार करण्यापूर्वी

तुमचा प्रश्न वाचून मला जळगावातले माझे दुसरे वर्ष आठवले. लग्नाचा विषय न काढता भेटायचे, असे तुम्ही दोघांनी ठरवले होते. आता तुम्ही ‘थांबू’ म्हणालात, तर तुमच्याच महाविद्यालयातला तो मुलगा दारात येऊन उभा राहतो, फोटो घरी पाठवीन म्हणतो, आणि वसतिगृहाच्या कार्यालयात सांगावे का, असे तुम्ही विचारता. माझ्या मते तेथे प्रथम मुळीच जाऊ नका.

2017 साली माझ्यावरही अशीच वेळ आली, तेव्हा मी तेथेच गेले आणि सगळे तोंडी सांगितले. समोरच्या बाईंनी त्या मुलाचे नावही विचारले नाही. माझ्या प्रवेशअर्जावरचा क्रमांक शोधून त्यांनी माझ्यादेखत वडिलांना फोन लावला. वडील अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावाहून दुपारच्या एसटीने आले आणि ‘आते घर चाल’ (आता घरी चल) एवढेच म्हणाले. माझे वर्ष गेले, तो मात्र निवांत परीक्षेला बसला. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीच्या तक्रारीवर तिच्याच बापाला बोलावणे हा उपाय कोणाच्या डोक्यातून निघतो, हे मला आजही कळलेले नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांनुसार महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती असावी लागते, हे मला फार उशिरा कळले. घटनेपासून 3 महिन्यांच्या आत लेखी अर्ज द्यायचा असतो, चौकशी 90 दिवसांत व्हावी लागते आणि तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवावी लागते. अर्जात तारखा आणि संदेश द्या. नाते का ठेवले याची सफाई देऊ नका. त्याला ब्लॉक करण्याआधी धमक्यांचे स्क्रीनशॉट घ्या, कारण सायबर पोलिसांकडे जाण्याची वेळ आली तर तेच उपयोगी पडतील. मी वकील नाही, त्यामुळे एखाद्या जाणकाराला अवश्य विचारा.

असे नाते ठेवणे चूक आहे, असे मला वाटत नाही. मात्र आपल्याकडे मेहरूण तलावावर दिसलेल्या जोडीची बातमी संध्याकाळपर्यंत गावच्या पारावर पोहोचते आणि बोल मुलीलाच लागतो. म्हणून फोटो काढायचे का, मित्रांना सांगायचे का आणि एकाला थांबावेसे वाटले तर काय, हे पहिल्या काही भेटींतच स्पष्ट बोलावे, आणि ‘बघू’ या उत्तराला होकार समजू नये, असे माझे ठाम मत आहे. आम्ही दोघेही ‘बघू’वरच चाललो होतो.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच मात्र घ्याच. पुढे मी त्या कार्यालयात विचारायला गेले, तेव्हा ‘तुमची तक्रार आमच्याकडे नोंदलेलीच नाही’ असे मला सांगण्यात आले, आणि ते खरेच होते.