वाचकांचे प्रश्न : बाबांचे घड्याळ आणि बाळाची पिशवी

प्रश्न : माझे वडील लालबागच्या एका गिरणीत कामाला होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांचे एचएमटीचे चावीचे घड्याळ, सेफ्टी रेझर आणि डब्याची रेक्झिनची पिशवी आईने मला दिली आहे. मला चौदा महिन्यांची मुलगी आहे. पत्नीची नोकरी सकाळची असल्यामुळे मुलीचे न्हाणे, भरवणे, पाळणाघरात सोडणे हे सारे मीच करतो. परवा घरी आलेले काका हसत म्हणाले, "तुझ्या बापाच्या हातात घड्याळ शोभायचं, तुझ्या हातात दुधाची बाटली!" मला राग आला, पण उत्तर सुचले नाही. बाबांच्या या वस्तूंशी माझे नाते नेमके काय मानावे?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : आपण सांगितलेल्या तिन्ही वस्तू नीट पाहिल्या, तर त्या घराबाहेर पडण्याच्या वस्तू आहेत, हे लक्षात येईल. घड्याळ कामाची पाळी चुकू नये म्हणून, रेझर चारचौघांत नीटनेटके दिसावे म्हणून आणि पिशवी डबा नेण्यासाठी. त्या पिढीतल्या बापाची ओळख तो घरातून किती वाजता निघतो आणि पगार घेऊन कधी परततो, यावरून ठरत असे; म्हणून त्याच्या मागे ज्या वस्तू उरतात, त्या बहुधा जाण्यायेण्याच्याच असतात. मुलांवर माया नव्हती असा याचा अर्थ मुळीच नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा एका खोलीत, मुलांच्या गोंगाटात झोप मिळवण्याची धडपड करत असेल, तर त्याच्याकडून आणखी काय अपेक्षा करावी?

काकांच्या बोलण्यात मात्र एक गोष्ट निसटली आहे. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले असंख्य पुरुष कुटुंब गावी ठेवून गाळ्यांत दाटीवाटीने राहत. जेवणासाठी ते खानावळवाल्या बायकांवर अवलंबून असत (या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते याच वस्तीतून). पण कपडे धुणे, पाणी भरणे, खोली झाडणे ही कामे ते स्वतःच करत आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. तोच पुरुष सुट्टीत गावी गेला की पाण्याच्या तांब्यालाही हात लावत नसे. म्हणजे ही कामे पुरुषाला जमत नव्हती किंवा शोभत नव्हती असे नाही. घरात बाई असताना ती करायची नाहीत, एवढाच तो दंडक होता. तो अजून पुरता गेलेला नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे.

घड्याळाचे म्हणाल, तर ते कपाटात ठेवू नका. एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळे बनवण्यास सुरुवात केली, आणि त्या चावीच्या घड्याळांची यंत्रणा इतकी साधी आहे की जुना कारागीर ती आजही उघडून, साफ करून, तेल देऊन चालू करून देतो. ते हातात बांधून मुलीला भरवायला बसा. काकांना उत्तर द्यायची गरजच पडणार नाही. रेझर वापरायचा असल्यास वापरा, पण त्यातले जुने पाते आजच काढून कागदात गुंडाळून टाका आणि रेझर मुलीच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. रेक्झिन जुने झाले की त्याचे पापुद्रे सुटतात, तेव्हा पिशवीचा मोह नसलेला बरा.

आता मी आपल्याला एक प्रश्न विचारते. मुलीचे लसीकरणाचे कार्ड घरात कोणाकडे असते? गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो, म्हणजे आपल्याकडे तो लवकरच येणार. तारीख पत्नीने लक्षात ठेवायची आणि आपण फक्त मुलीला घेऊन जायचे, अशी वाटणी असेल, तर न्हाऊ घालूनही आपण अजून मदतनीसच आहात. ते कार्ड आपल्या ताब्यात घ्या आणि पुढची तारीख स्वतः विचारून या.

प्रश्न : माझे पती मुलाला कडेवर घेतात, पण बाळाची पिशवी खांद्याला लावायला लाजतात. ती फुलाफुलांची आहे, हे त्यांचे कारण. काय करावे?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : कारण अगदीच खोटे नाही. बाळाच्या बहुतेक वस्तू आईच वापरणार असे धरून केलेल्या असतात, आणि पुष्कळ ठिकाणी लंगोट बदलण्याचा ओटाही फक्त बायकांच्या स्वच्छतागृहात असतो. लोकलमध्येही तेच : लहान मुलगा आईबरोबर महिलांच्या डब्यात बसू शकतो, पण बाप एकटा बाळाला घेऊन निघाला की त्याला सर्वसाधारण डब्यातल्या गर्दीतच शिरावे लागते. तरीही लाजेवर उपाय आहे. पिशवी त्यांनी स्वतः दुकानात जाऊन, त्यांना आवडेल त्या रंगाची आणावी. त्यानंतर ती भरण्याचे कामही त्यांच्याकडेच द्या आणि भरताना शेजारी उभ्या राहून सूचना देऊ नका. पहिल्या खेपेला ते बहुधा जास्तीचे कपडे विसरतील आणि मुलगा अंधेरीलाच भिजेल. तेव्हा फोनवरून रागावू नका, म्हणजे दुसऱ्या खेपेला ते दोन जोड घेतील.