कृष्णाकाठचे जुने फोटो पाहून ठिकाण कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की आजोबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, १९७० ते १९८० च्या सुमारास वाईपासून सांगलीपर्यंत त्यांच्या बदल्या होत राहिल्या, आणि आता त्यांच्या ट्रंकेतून पाच कृष्णधवल फोटो निघालेत. मागे ना तारीख, ना गावाचं नाव. आजी "आपल्या कृष्णामाईचे आहेत" एवढंच सांगतात. ठिकाणं ओळखता येतील का, आणि कशी, असा तुमचा प्रश्न आहे.

येतील. चार फोटोंची गावं मी इथेच सांगतो. पाचव्यासाठी तुम्हाला ट्रंकेत पुन्हा एकदा हात घालावा लागेल. मी भिलवडीकडचा, शिकलो साताऱ्यात, त्यामुळे ही नदी वरपासून खालपर्यंत पायाखालची आहे. असे बिननावाचे फोटो कुणी दाखवले की मला दुसरं काही सुचत नाही.

फोटो हातात आला की आपली नजर आधी देवळावर जाते. कृष्णेच्या बाबतीत तिथेच घोळ होतो. वाईपासून साताऱ्याजवळच्या माहुलीपर्यंत अठराव्या शतकात सरदारांनी आणि सावकारांनी जी देवळं बांधली, ती एका घराण्यातली वाटावीत अशी आहेत. काळ्या दगडाचा गाभारा, वर विटा-चुन्याचं शिखर, शिखरात कोनाडे, कोनाड्यांत चुन्याच्या मूर्ती. नुसत्या शिखरावरून गाव सांगायला जाल तर फसाल. म्हणून देऊळ शेवटी बघायचं. आधी नदी बघायची.

कृष्णा महाराष्ट्रात सुमारे २८२ किलोमीटर वाहते. महाबळेश्वरला ती समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटरवर आहे आणि सांगलीत साडेपाचशेच्या आसपास. गंमत अशी की यातला बहुतेक उतार वाई यायच्या आतच संपतो. त्यामुळे फोटोतली नदी बघितली की ती कुठल्या टप्प्यातली आहे हे पुष्कळदा लगेच कळतं. वाईच्या वर ती ओढ्यासारखी, दोन्ही बाजूंना भातखाचरं आणि अंगावर येणारे डोंगर. वाई ते माहुली पात्रात खडक, उन्हाळ्यात घोट्याएवढं पाणी, काठावर दगडी घाट, आणि डोंगर आहेत पण जरा मागे सरकलेले. कराडच्या खाली सगळंच बदलतं. पात्र रुंद आणि खोल, काठ म्हणजे काळ्या मातीची उभी दरड, वर मळीची, म्हणजे पुराच्या गाळाची रानं, त्यात ऊस नाहीतर वांगी. काठाला सिमेंटची उंच गोल जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर, आणि तिथून वर रानात गेलेली पाइपलाइन दिसली तर तुम्ही वाईत नाही, हे नक्की समजा. उसाला पांढरे तुरे दिसले तर थंडीचे दिवस.

आता तुमचे फोटो.

पहिला, अर्धगोल घाटाचा. हा मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटरवर, नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट. वाईचे घाट नदीच्या कडेने सरळ गेलेत, हा चंद्रकोरीसारखा वळलाय आणि पायऱ्या वळणाबरोबर फिरल्यात. फोटोत उजवीकडे जी छोटी दगडी खोली दिसते ती मोठी करून बघा. आत काळसर काहीतरी टांगलेलं आहे. ती घंटा. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्यानंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी इकडे आणल्या, त्यातली ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल आहे. इतकं तुमच्या फोटोत दिसणार नाही, पण वळलेला घाट आणि घंटेची खोली एका चौकटीत आली की दुसरं गाव शोधायची गरज नाही. हिंदी चित्रपटांची चित्रीकरणं इथे इतकी झालीत की अनेकांना हा घाट आधी कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो. वाईच्या ढोल्या गणपतीचा फोटो असता तर खूण वेगळी असती. सरदार रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या त्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार आहे, पुराचं पाणी तिच्यावर दुभंगून बाजूने जावं म्हणून. घाटावर उभं राहून ती भिंत बघाल तेव्हा बांधणाऱ्याला नदी किती ठाऊक होती ते कळतं.

दुसरा फोटो उंचावरून घेतलेला, खाली रुंद खोरं, शेतांचे तुकडे, मधून नदीची बारीक रेघ आणि समोर डोंगर. हा मला पाचांत सगळ्यात मोलाचा वाटतो. पाचगणीच्या कड्यावरून खाली बघितल्यावर समोर जे दिसतं ते हे खोरं. डावीकडे झाडीने भरलेला, वर कातळाचा माथा असलेला डोंगर आहे तो कमळगड. तो धोम आणि बलकवडी या धरणांच्या मधोमध उभा आहे. उजवीकडे दूरवर, माथ्याला कातळाची भिंत असलेला तो पांडवगड, वाईच्या डोक्यावरचा. दोन डोंगर ओळखीचे निघाले आणि त्यांच्यातलं अंतर जुळलं की जागा पक्की होते, एका डोंगरावर कधी विसंबायचं नाही. आता पाचगणीच्या पारशी पॉइंटवरून बघाल तर याच खोऱ्यात धोम धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं. तुमच्या फोटोत तिथे पाणी नाही, शेतं आहेत. म्हणजे हा पाणी अडवायच्या आधीचा फोटो. आजोबा पाटबंधारे खात्यातले, तेव्हा हा फोटो सहलीतला नसून कामाच्या निमित्ताने काढलेला असण्याची शक्यता मला जास्त वाटते. त्या शेतांमधली कित्येक आज पाण्याखाली आहेत. फोटो जपा, आणि चांगल्या रिझोल्युशनने स्कॅन करून ठेवा. त्या खोऱ्यातून उठून दुसरीकडे वसलेल्या घरांतल्या माणसांना तो बघायला मिळाला तर फार बरं होईल.

जाता जाता एक सांगतो. महाबळेश्वर परिसरातला पाण्याचा कुठलाही फोटो लोक "कृष्णा खोरं" म्हणून पुढे पाठवतात. दाट झाडीचे उतार आणि त्यात बोटांसारखं आत शिरलेलं पाणी असेल तर ते बहुतेक तापोळा किंवा बामणोली, म्हणजे कोयनेचा शिवसागर. आणि आर्थर सीटवरून जी भयंकर खोल दरी दिसते ती सावित्रीची, जी कोकणात उतरते. कृष्णेचं खोरं बघायचं तर केट्स पॉइंट.

तिसरा फोटो संगमाचा. इथे मला जरा जास्त बोलू द्या, कारण संगम ओळखणं हा यातला सगळ्यात आनंदाचा भाग आहे. कृष्णेला महाराष्ट्रात बऱ्याच नद्या मिळतात आणि प्रत्येक भेट निराळी. माहुलीला वेण्णा येते, तिथे दोन्ही काठांवर देवळं समोरासमोर आहेत. संगम माहुलीचं विश्वेश्वराचं देऊळ अलीकडे, क्षेत्र माहुलीचं रामेश्वराचं पलीकडे. फोटोत नदीच्या दोन्ही अंगांना शिखरं दिसली की मी आधी माहुली म्हणतो. थोरल्या शाहू महाराजांची समाधी इथलीच, रामशास्त्री प्रभुणेही याच गावचे. सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते, तिथे संगमेश्वराचं देऊळ काठावर आणि पात्र चांगलंच रुंद. नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते, तिथे गर्दीच सांगते की दत्ताचं ठाणं आहे. ब्रह्मनाळला येरळा मिळते, उन्हाळ्यात तिच्यात बहुधा वाळूच जास्त.

या सगळ्या ठिकाणी एक नदी सरळ जाते आणि दुसरी बाजूने येऊन मिळते. कराडला तसं नाही. तिथे कृष्णा आणि कोयना एकमेकींच्या समोरून येतात, अगदी तोंडावर तोंड, आणि मग दोघी मिळून काटकोनात वळून पूर्वेला जातात. तुमच्या फोटोत डावीकडून आणि उजवीकडून येणारे दोन प्रवाह आहेत आणि मधून पुढे निघालेला तिसरा. कोयनेचं पाणी कुठलं आणि कृष्णेचं कुठलं यावर तुम्ही वाद घालू शकता, गावाबद्दल नाही. हा कराडचा प्रीतिसंगम. काळही थोडाफार सांगता येतो. यशवंतराव चव्हाणांची समाधी याच काठावर आहे, ते २५ नोव्हेंबर १९८४ ला गेले. तुमच्या फोटोत काठावरची ती जागा मोकळी आहे, म्हणजे फोटो त्याच्या आधीचा. आजोबांच्या बदल्यांच्या काळाशी हे नीट जुळतं.

चौथा, पुराचा. दगडी कमानींचा लांब पूल, कमानींमध्ये वरपर्यंत चढलेलं गढूळ पाणी, कठड्याला टेकून बघत उभी असलेली माणसं. हा सांगलीचा आयर्विन पूल, १९२९ चा, तेव्हाच्या व्हाइसरॉयच्या नावाचा. सांगलीकरांची पावसाळ्यातली सकाळ "आयर्विनला किती फूट?" या प्रश्नाने सुरू होते. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ते आठवलं की आजही इथल्या माणसाचा आवाज बदलतो. तुमच्या फोटोत पुलाच्या एका खांबावर पांढऱ्या रेघा आणि आकडे पुसट दिसतात, त्या पाणीपातळी मोजायच्या खुणा. भिंग लावून आकडा वाचता आला तर त्या दिवशी पाणी किती होतं तेही कळेल, आणि त्यावरून जुन्या नोंदींत वर्ष शोधता येईल. आजोबांचं कामच ते होतं, त्यामुळे त्यांनी मुद्दाम तो खांब चौकटीत घेतला असणार असं मला वाटतं. याच फोटोत खाली डाव्या कोपऱ्यात एक रुंद, पसरट, गोल वस्तू पाण्यावर आहे आणि तिच्यात दोन माणसं बसलीत. ती होडी नाही, गुळाची काहील आहे. गुऱ्हाळात रस उकळायची. पुरात आमच्याकडे काहिलीतून माणसं आणि जनावरांचा चारा नेत असत. कृष्णा, वारणा, पंचगंगेच्या गुळाच्या पट्ट्याची याहून पक्की खूण नाही.

आता पाचवा. पाणी, त्यावर सूर्य, एक होडी, होडीत उभा माणूस, खाली घाटाच्या दोन पायऱ्या. सुंदर फोटो आहे आणि म्हणूनच अवघड आहे, कारण देखणेपणासाठी काढलेल्या फोटोत खुणा नेमक्या चौकटीबाहेर राहतात. तरी काही हाती लागतं. होडीतल्या माणसाच्या सदऱ्याचा खिसा बघा, तो उजव्या छातीवर आहे. सदऱ्याला खिसा डावीकडे असतो. म्हणजे निगेटिव्ह उलटी ठेवून हा फोटो छापला गेला. ताडून बघण्याआधी तो आडवा उलटून घ्या, नाहीतर डावं-उजवं सगळंच चुकेल. पाण्यावर वाफेसारखं धुकं आहे, ते थंडीतल्या सकाळचं, म्हणजे सूर्य उगवतोय आणि पाणी घाटाच्या पूर्वेला आहे. इथे सांगली गळते. सांगलीचा घाट डाव्या काठावर आहे, पलीकडे पश्चिमेला सांगलीवाडी, तिथे पाण्यावर सूर्य मावळताना दिसतो. नृसिंहवाडीचा घाट उजव्या काठावर, पलीकडे औरवाड, तिथे सूर्य पाण्यावर उगवतो. नदी वळणं घेते, त्यामुळे हा नियम गावागावाला लावता येत नाही, फक्त घाटापुरता लावायचा. माझा कल नृसिंहवाडीकडे आहे. पण दोन पायऱ्यांवर शिक्का मारणं योग्य नाही.

म्हणून ट्रंक पुन्हा उघडा. फोटोच्या मागे एखाद्या स्टुडिओचा पुसट रबरी शिक्का आहे का ते तिरप्या उजेडात बघा, त्यात गावाचं नाव हमखास असायचं. कागदी पाकिटात निगेटिव्हच्या पट्ट्या असतील तर त्या फोटोंपेक्षाही कामाच्या. पट्टीच्या कडेला चौकटींचे आकडे छापलेले असतात, आणि शेजारच्या चौकटी बहुतेक त्याच दिवसाच्या असतात. होडीच्या फोटोच्या आधी किंवा नंतर देवळाची कमान, आजीचा ओट्यावर बसलेला फोटो, एखादी पाटी, काहीही निघू शकतं. पट्टी उजेडावर धरून मोबाइलने फोटो काढा आणि रंग उलटे करून बघा, त्यासाठी साधं फोटोचं अॅप पुरतं.

आणि आजींना गावाचं नाव विचारू नका, ते आठवत नसेल. त्या सकाळी पाण्यात उतरल्या होत्या का, पेढे आणले होते का, बिऱ्हाड कुठल्या आळीत होतं, असं विचारा. नृसिंहवाडीला गेलेलं माणूस तिथली बासुंदी विसरत नाही. त्या काय सांगतात ते आणि पट्टीतल्या शेजारच्या चौकटी इथे टाका, मी त्याच दिवशी बघून उत्तर देईन.